११,६०८ विरुद्ध ११,६०८ : व्हर्जिनियाच्या ९४व्या मतदारसंघाचं प्रकरण

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याचं कनिष्ठ सभागृह, हाउस ऑफ डेलिगेट्स, १०० जागांचं आहे. २०१७च्या निवडणुकीआधी तिथे रिपब्लिकन पक्षाकडे ६६ आणि डेमोक्रॅटिक पक्षाकडे ३४ जागा होत्या. ७ नोव्हेंबर २०१७ला मतदान झालं, डेमोक्रॅट्सनी १५ जागा खेचून घेतल्या, आणि सगळ्या राज्याचे डोळे एका शहरातल्या एका जागेकडे लागले. न्यूपोर्ट न्यूज शहरातला ९४वा मतदारसंघ. रिपब्लिकनांनी ही जागा राखली तर ५१-४९, गमावली तर ५०-५०. पन्नास-पन्नास झालं असतं तर सभापती कोणाचा, समित्या कोणाकडे, कोणतं विधेयक मतदानाला येणार, हे सगळं वाटाघाटींवर गेलं असतं.

त्या जागेवर दोन्ही प्रमुख उमेदवारांना ११,६०८ मतं पडली. ४ जानेवारी २०१८ला राजधानी रिचमंडमध्ये एका सिरॅमिकच्या वाडग्यातून चिठ्ठी काढून आमदार ठरला. वाडग्यात हात घातलेल्या अधिकाऱ्याचा फोटो देशोदेशी छापून आला आणि एका मताची किंमत सांगायला सगळ्यांना एक तयार उदाहरण मिळालं.

मला हे प्रकरण वेगळ्या कारणासाठी अभ्यासावंसं वाटतं. वाडगा ही अगदी शेवटची पायरी होती. त्याच्या आधी एक मतपत्रिका होती, तिच्या आधी मतदार यादीतली एक चूक, आणि तिच्याही आधी नकाशावरची एक रेषा. कॅमेरे शेवटच्या पायरीवर रोखलेले होते. निकाल फिरवण्याची ताकद आधीच्या तिन्ही पायऱ्यांत होती, आणि त्यांतली यादीची पायरी तर निवडणूक होऊन सहा महिने उलटल्यावर लोकांना कळली.

मतदारसंघ आणि उमेदवार

न्यूपोर्ट न्यूज हे जेम्स नदीच्या मुखाशी वसलेलं, लांबट आकाराचं शहर. तिथल्या गोदीत अमेरिकेच्या नौदलासाठी अणुशक्तीवर चालणाऱ्या विमानवाहू नौका बांधल्या जातात. गावातली हजारो घरं त्या गोदीवर चालतात. जवळपास लष्करी तळ आहेत, शहरात एक सरकारी विद्यापीठ आहे, गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कुटुंबांच्या वस्त्या एकमेकींना लागून आहेत. त्या वेळच्या नकाशानुसार एका मतदारसंघात साधारण ८० हजार लोक येत. आपल्याकडच्या विधानसभा मतदारसंघाच्या मानाने हे फार लहान आहे. मोठ्या महापालिकेच्या एखाद्या प्रभागाएवढं म्हणा. कनिष्ठ सभागृहाची मुदतही दोनच वर्षांची. आमदार निवडून येतो आणि वर्षभरात पुन्हा प्रचाराला लागतो.

विद्यमान आमदार होते रिपब्लिकन डेव्हिड यान्सी, २०१२पासून सभागृहात. समोर डेमोक्रॅट शेली सायमंड्स. त्या आधी शिक्षिका होत्या, नंतर शहराच्या शिक्षण मंडळावर निवडून आलेल्या. २०१५मध्येही त्या यान्सींच्या विरोधात उभ्या राहिल्या होत्या आणि सपशेल हरल्या होत्या. २०१७चं वारं मात्र निराळं होतं. ट्रम्प अध्यक्ष होऊन वर्ष होत आलेलं, आणि व्हर्जिनियात निवडणुका विषम वर्षी होतात म्हणून त्यांच्या कारभारावरचा पहिला मोठा कौल इथेच लागणार होता. गव्हर्नरपदाच्या लढतीत डेमोक्रॅट राल्फ नॉर्दम यांनी रिपब्लिकन एड गिलेस्पी यांना जवळपास नऊ टक्क्यांनी हरवलं. त्या लाटेवर सायमंड्सही वर आल्या. लिबर्टेरियन पक्षाचा तिसरा उमेदवारही रिंगणात होता आणि त्याने काहीशे मतं घेतली. अशा लढतीत तिसऱ्याच्या त्या मतांचा हिशेब दोन्ही बाजू पुढे कितीतरी दिवस मांडत बसल्या असतील.

दहा मतं, एक मत, शून्य मतं

पहिल्या अधिकृत निकालात यान्सी १० मतांनी पुढे होते. व्हर्जिनियात फेरमोजणी आपोआप होत नाही, पराभूत उमेदवाराने मागावी लागते. मात्र फरक अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर खर्च त्याच्या खिशातून जात नाही. सायमंड्सनी अर्ज केला.

फेरमोजणी १९ डिसेंबरला झाली. पद्धत समजून घेण्याजोगी आहे, कारण पुढचा वाद तिच्यातूनच निघाला. मतपत्रिका पुन्हा मशीनमधून घातल्या जातात. ज्या पत्रिका मशीनला समजत नाहीत, म्हणजे एकाच पदासाठी दोन खुणा असलेल्या किंवा एकही खूण नसलेल्या, त्या बाजूला पडतात. त्या हाताने तपासायला टेबलावर माणसांची जोडी बसते, एक या पक्षाने सुचवलेला, एक त्या पक्षाने. दोघांचं एकमत झालं तर मत मोजलं जातं किंवा बाद होतं. एकमत झालं नाही तर ती पत्रिका तीन न्यायाधीशांच्या खास न्यायालयापुढे जाते.

संध्याकाळी आकडे आले तेव्हा सायमंड्स ११,६०८, यान्सी ११,६०७. एका मताने जागा फिरली होती. रिपब्लिकन नेत्यांनी सायमंड्स यांचं अभिनंदन करणारं निवेदनही काढलं. आपल्याकडे असतं तर तोवर गुलाल उधळून झाला असता.

दुसऱ्या दिवशी, २० डिसेंबरला, तीन न्यायाधीश निकालावर शिक्कामोर्तब करायला बसले. तिथे यान्सींच्या वकिलांनी एक पत्र पुढे केलं. आदल्या दिवशी टेबलावर बसलेल्या रिपब्लिकन प्रतिनिधीचं ते पत्र होतं. एक पत्रिका बाद करायला मी तेव्हा संमती दिली, पण ते मत यान्सींचं होतं असं मला वाटतं, असा त्याचा आशय. न्यायाधीशांनी ती पत्रिका मागवली, दोन तासांहून अधिक विचार केला आणि मत यान्सींना दिलं. ११,६०८ विरुद्ध ११,६०८.

ती मतपत्रिका

या पत्रिकेचं चित्र नंतर सर्वांनी पाहिलं, म्हणून ती नीट डोळ्यांसमोर आणता येते. प्रत्येक नावाच्या बाजूला एक लंबगोल, तो पेनाने भरायचा. या मतदाराने ९४व्या मतदारसंघाच्या रांगेत सायमंड्स आणि यान्सी, दोघांचेही लंबगोल भरले आहेत. शिवाय सायमंड्स यांच्या लंबगोलावरून एक तिरकी रेघ मारली आहे. एवढंच असतं तर कोणीही म्हणेल की चुकून सायमंड्स यांचं गोल भरलं गेलं, मतदाराने ते खोडलं आणि यान्सींना मत दिलं.

पण वर गव्हर्नरपदाची रांग आहे. तिथे त्याने गिलेस्पींचा लंबगोल भरलाय आणि त्यावर फुली मारली आहे. दुसऱ्या कोणालाच खूण नाही. उरलेल्या दोन राज्यस्तरीय पदांना त्याने सरळ रिपब्लिकन उमेदवारांचे गोल भरले आहेत, खाडाखोड काही नाही.

आता या हाताची भाषा लावायची कशी? रेघ किंवा फुली म्हणजे ‘हे नको’ असं धरलं तर सायमंड्स नको आणि गिलेस्पीही नको. म्हणजे रिपब्लिकन पक्षाच्या बाकी सगळ्यांना मत देणाऱ्या माणसाने गव्हर्नरपदाला कोणालाच मत दिलं नाही. शक्य आहे, गिलेस्पींवर नाराज असलेले रिपब्लिकन होतेच. फुली म्हणजे ‘हेच हवं’ असं धरलं तर गिलेस्पी हवेत, आणि मग त्याच न्यायाने सायमंड्स हव्यात. हेही पूर्ण जुळत नाही. यान्सींचे वकील म्हणाले, सगळी पत्रिका पाहा, माणूस रिपब्लिकन आहे. सायमंड्स यांचे वकील म्हणाले, एका रांगेत दोन गोल भरलेत, आणि बाकीच्या रांगांवरून अंदाज बांधायला लागलात तर प्रत्येक खाडाखोड हव्या त्या बाजूला झुकवता येईल.

भारतात कागदी मतपत्रिका होत्या त्या काळच्या मतमोजणीला बसलेल्यांना यातलं काहीच नवीन वाटणार नाही. शिक्का दोन चौकटींच्या मधल्या रेषेवर, शिक्क्याऐवजी अंगठा, घडी घालताना शाई पलीकडे उमटलेली. आपल्या १९६१च्या निवडणूक नियमांतही तरतूद आहे की खूण पुसट आहे किंवा एकाहून जास्त वेळा केली आहे एवढ्याच कारणाने पत्रिका बाद करू नये, मतदाराचा कल स्पष्ट दिसत असेल तर मत मोजावं. मात्र एकाहून जास्त उमेदवारांना मत दिलेलं असेल तर ती बाद. व्हर्जिनियाच्या निवडणूक मंडळाची या कामासाठी नमुन्याच्या चित्रांसह एक पुस्तिकाच आहे. चित्रं कितीही काढली तरी खरा मतदार त्यांच्या बाहेरची खूण करतोच.

मला विचाराल तर ती पत्रिका बादच राहायला हवी होती. मतदाराचा कल यान्सींकडे नव्हता असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही; कदाचित होताही. पण दोन पक्षांची दोन माणसं समोरासमोर बसून एकमताने निर्णय देतात, तो दिवस संपतो, आणि निकाल एका मताचा आहे हे कळल्यावर त्यांतला एक जण मत बदलतो. ही वाट उघडी ठेवली तर फेरमोजणीच्या टेबलाला अर्थ उरत नाही. ज्याला शेवटचा आकडा माहीत आहे त्याच्या डोळ्यांनी पत्रिका पाहणं आणि आकडा माहीत नसताना पाहणं, यात फार अंतर आहे. समोरच्या बाजूचा मुद्दाही टाकाऊ नाही: शिक्कामोर्तब होईपर्यंत न्यायालय जागं असतं आणि एखाद्या नागरिकाचं खरं मत वाया जाऊ नये ही त्याची जबाबदारी आहे. न्यायाधीशांनी हा दुसरा मुद्दा उचलला. ३ जानेवारीला सायमंड्स यांचा फेरविचाराचा अर्जही त्यांनी फेटाळला.

इथे एका गोष्टीची आठवण ठेवली पाहिजे. मतदानाला दोन महिने उरले असताना, सप्टेंबर २०१७मध्ये, व्हर्जिनियाच्या निवडणूक मंडळाने कागदाचा पुरावा न ठेवणारी टचस्क्रीन मशीन्स राज्यभरातून बाद केली होती. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये सगळं राज्य कागदावर मत देत होतं. भांडायला एक कागद हातात होता, तो सगळ्यांना दिसत होता, त्यावर मतभेद उघड्यावर झाले. हे मला या प्रकरणातलं सगळ्यात निरोगी अंग वाटतं.

चिठ्ठी

व्हर्जिनियाच्या कायद्यात समान मतं पडली तर चिठ्ठी काढण्याची तरतूद आहे. कनिष्ठ सभागृहाच्या जागेसाठी ती याआधी १९७१मध्ये वापरली गेली होती. ४ जानेवारी २०१८ला पूर्व किनाऱ्यावर बर्फाचं मोठं वादळ घोंघावत होतं, तरी रिचमंडमध्ये चिठ्ठी काढायच्या जागी पत्रकारांची गर्दी होती. दोन कागदांवर दोन नावं, ते कागद फोटोच्या फिल्मच्या दोन डब्यांत, डबे वाडग्यात. वाडगा राज्याच्या कला संग्रहालयाकडून मागून आणलेला, स्टीव्हन ग्लास या स्थानिक कलाकाराने घडवलेला. निवडणूक मंडळाचे अध्यक्ष जेम्स अल्कॉर्न यांनी पहिला डबा काढला, उघडला आणि यान्सींचं नाव वाचलं. सायमंड्स कुटुंबासह समोर बसल्या होत्या. यान्सी आले नव्हते.

चिठ्ठीच्या पद्धतीला बरेच जण त्या वेळी मागास म्हणाले. मला तसं वाटत नाही. आपल्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ६५व्या कलमातही हेच आहे: मतं समसमान झाली तर निवडणूक निर्णय अधिकारी चिठ्ठी काढतो आणि ज्याची चिठ्ठी निघेल त्याला एक मत जास्त पडलं असं धरतो. महाराष्ट्राला ईश्वरचिठ्ठी काही नवीन नाही. ग्रामपंचायतींच्या प्रत्येक हंगामात ती कुठे ना कुठे निघतेच. व्हर्जिनियाच्या आधी वर्षभरही झालं नव्हतं, फेब्रुवारी २०१७मध्ये मुंबई महापालिकेच्या प्रभाग २२०मध्ये भाजपचे अतुल शाह आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांना प्रत्येकी ५,९४६ मतं पडली. एका लहान मुलीच्या हाताने चिठ्ठी काढली गेली आणि शाह नगरसेवक झाले. शिवसेना ८४, भाजप ८२ अशा अटीतटीच्या निकालात ती एक जागा दोन्ही पक्षांना जिव्हाळ्याची होती. पुन्हा मतदान घ्यायचं तर खर्च, वेळ आणि दोन्हीकडचा पैसा एका जागेवर ओतला जाणार. चिठ्ठी निदान कोणाला विकत घेता येत नाही आणि ती सगळ्यांसमोर निघते.

सायमंड्स यांच्यापुढे आणखी एकदा फेरमोजणी मागण्याचा विचार होता. १० जानेवारीला अधिवेशन सुरू झालं त्या दिवशी त्यांनी पराभव मान्य केला. यान्सींनी शपथ घेतली, ५१-४९चं बहुमत टिकलं, कर्क कॉक्स सभापती झाले. ४९ पैकी एकही डेमोक्रॅट सभापतीच्या खुर्चीजवळ गेला नाही, कारण पन्नासावा निवडूनच आला नव्हता.

सव्वीस मतदार

मे २०१८मध्ये वॉशिंग्टन पोस्टने एक बातमी दिली. ९४व्या मतदारसंघात राहणाऱ्या २६ मतदारांनी नोव्हेंबरमध्ये ९३व्या मतदारसंघाची मतपत्रिका भरली होती. डेनबी नावाच्या मतदान केंद्रावर हे घडलं. ज्या वस्तीतले हे मतदार होते तिथे कृष्णवर्णीय लोक बहुसंख्येने राहतात आणि तिथला कल ठळकपणे डेमोक्रॅटिक. या २६ जणांनी गव्हर्नरसाठी मत दिलं ते बरोबर मोजलं गेलं. त्यांचं आमदारासाठीचं मत मात्र शेजारच्या मतदारसंघात गेलं, जिथे डेमोक्रॅट मायकेल मलिन तसेही आरामात निवडून आले.

फरक शून्य मतांचा. आणि २६ मतदारांना सायमंड्स आणि यान्सी यांची नावं असलेली मतपत्रिका मिळालीच नाही.

हे कसं होतं ते पाहिलं की अंगावर काटा येतो, कारण त्यात कोणी खलनायक लागत नाही. मतदारसंघांच्या हद्दी विधिमंडळ कायद्याने ठरवतं, पण प्रत्येक घर कोणत्या मतदारसंघात हे शहराच्या निवडणूक कार्यालयातला कर्मचारी संगणकात भरतो. रस्त्याचं नाव, घर क्रमांक इथपासून तिथपर्यंत, मतदारसंघ अमुक. रेषा रस्त्याच्या मधून गेली असेल तर एका बाजूची घरं एकीकडे आणि समोरची दुसरीकडे. कुठे नवी घरं झालेली असतात, कुठे रस्ता वळतो आणि रेषा सरळ जाते. एक नोंद चुकली की त्या नोंदीखालची सगळी घरं चुकतात, आणि कोणी तपासलं नाही तर एकामागून एक निवडणुका तशीच चुकत राहतात.

डेनबीसारख्या केंद्रांचं दुखणं आणखी एक. ते केंद्र दोन मतदारसंघांत विभागलेलं होतं. एकाच दाराने आत येणाऱ्या शेजाऱ्यांसाठी दोन प्रकारच्या मतपत्रिका. टेबलावरचा कर्मचारी नाव शोधतो, समोर दिसणारा मतदारसंघ पाहतो आणि त्या गठ्ठ्यातली पत्रिका देतो. त्याने आपलं काम चोख केलं, तरी संगणकातलंच चुकलेलं असेल तर पत्रिका चुकीचीच जाणार. मतदाराच्या हे लक्षात यायला हवं होतं, असं म्हणणं सोपं आहे. राज्याच्या आमदाराचं नाव किती जणांना ठाऊक असतं? पत्रिकेवर एक डेमोक्रॅट आहे, एक रिपब्लिकन आहे. माणूस आपल्या पक्षाचा गोल भरतो आणि घरी जातो.

पत्रिकेवरच्या त्या तिरक्या रेघेवर न्यायाधीशांनी दोन तासांहून अधिक घालवले, वकिलांनी पानंच्या पानं लिहिली, देशाने चर्चा केली. या २६ जणांबद्दल कुठल्याही न्यायालयात एक ओळही बोलली गेली नाही, कारण त्या वेळी कोणाला माहीतच नव्हतं. त्यांनी कोणाला मत दिलं असतं हे कायद्याने कोणी विचारू शकत नाही आणि विचारूही नये. तरी त्या वस्तीचा कल पाहता निकाल दुसऱ्या बाजूला जाण्याची शक्यता मोठी होती, एवढं म्हणायला मला संकोच वाटत नाही.

हे एकाच केंद्रापुरतं असतं तर अपवाद म्हणून सोडता आलं असतं. त्याच निवडणुकीत फ्रेडरिक्सबर्ग परिसरातल्या २८व्या मतदारसंघात रिपब्लिकन बॉब थॉमस फेरमोजणीनंतर ७३ मतांनी निवडून आले आणि किमान १४७ मतदारांना चुकीच्या मतदारसंघाच्या पत्रिका मिळाल्याचं तिथे वेळेत उघड झालं. मतदार संघराज्याच्या न्यायालयात गेले, पुन्हा निवडणूक घ्या म्हणाले. न्यायालयाने हस्तक्षेप करायला नकार दिला आणि थॉमस यांनी शपथ घेतली. म्हणजे चूक वेळेवर सापडूनही काही झालं नाही. ती आधीच, यादी तयार होताना सापडायला हवी होती.

नकाशा

यादीच्याही मागे नकाशा आहे. ९४व्याच्या शेजारी ९५वा मतदारसंघ, हॅम्प्टन शहरातून निघून न्यूपोर्ट न्यूजमध्ये शिरणारा. २०११च्या आखणीत रिपब्लिकन बहुमताच्या सभागृहाने काही मतदारसंघांत कृष्णवर्णीय मतदार ठरावीक प्रमाणात कोंबून भरले, अशी तक्रार घेऊन तिथले मतदार न्यायालयात गेले होते. बेथ्यून-हिल या नावाने ओळखला जाणारा तो खटला. जून २०१८मध्ये संघराज्य न्यायालयाने ११ मतदारसंघ वंशाच्या आधारावर बेकायदा आखलेले ठरवले. ९५वा त्यात होता. वर्षभराने, जून २०१९मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सभागृहाचं अपील ५ विरुद्ध ४ मतांनी फेटाळलं. अपील करण्याचा अधिकार एकट्या सभागृहाला नाही, हे त्याचं कारण.

एका मतदारसंघाची रेषा हलली की शेजारच्यांचीही हलते. ९५व्यातल्या काही वस्त्या ९४व्याकडे आल्या आणि तो डेमोक्रॅट्सना अधिक अनुकूल झाला. नोव्हेंबर २०१९मध्ये सायमंड्स आणि यान्सी पुन्हा समोरासमोर आले. सायमंड्स यांना ५७ टक्क्यांहून अधिक मतं पडली. या वेळी फेरमोजणी नाही, वकील नाहीत. त्याच निवडणुकीत डेमोक्रॅट्सनी सभागृह ५५-४५ असं जिंकलं.

सायमंड्स यांच्या विजयाचं सगळं श्रेय नव्या नकाशाला देणं त्यांच्यावर अन्यायाचं होईल. त्यांनी दारोदार फिरून बांधलेलं काम त्यात होतं, आणि राज्याचा कलही बदलत होता. पण २०१७ला एकेका मतपत्रिकेवर अडलेली लढत २०१९ला निवांत सुटली, याची कारणं शोधताना रेषेला सोडून पुढे जाता येत नाही.

५१-४९ने झालं काय, हाही प्रश्न आहे. व्हर्जिनियातल्या सुमारे ४ लाख गरीब लोकांना मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनेत घ्यायचं की नाही, यावर कनिष्ठ सभागृह कितीतरी वर्षं अडून बसलं होतं. मे २०१८मध्ये त्याच काठावरच्या बहुमताच्या सभागृहाने ते मंजूर केलं, बऱ्याच रिपब्लिकन सदस्यांच्या मतांसह. १५ जागा गमावल्यावर उरलेल्यांना आपल्या मतदारसंघात काय चाललंय ते दिसू लागलं होतं. चिठ्ठीने खुर्ची ठरवली, धोरणाचा कल मात्र २०१७च्या एकूण मतदानाने बदलला.

नंतर काय दुरुस्त झालं

२०२०मध्ये व्हर्जिनियाने कायदा बदलला. एक मतदान केंद्र पूर्णपणे एकाच मतदारसंघात असलं पाहिजे. शक्यतो एका दाराने आत येणाऱ्यांना दोन वेगळ्या पत्रिका द्यायची वेळ येऊ नये. डेनबीसारख्या केंद्रांवर थेट इलाज म्हणून मी याला सगळ्यांत महत्त्वाची दुरुस्ती मानतो. वाडग्याची पद्धत कोणी बदलली नाही आणि बदलायची गरजही नव्हती. २०२१च्या अखेरीस राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नवे नकाशे मंजूर केले. त्यात क्रमांक बदलले. सायमंड्स २०२३मध्ये ७०व्या मतदारसंघातून निवडून आल्या.

महाराष्ट्रात महापालिका किंवा नगरपालिकेची निवडणूक येते तेव्हा विधानसभेची मतदार यादी फोडून प्रभागनिहाय याद्या केल्या जातात. घर, गल्ली, सोसायटी पाहून नावं या प्रभागात किंवा त्या प्रभागात टाकायचं काम पालिकेचे कर्मचारी करतात, बहुतेकदा थोड्या दिवसांत आणि दुसरी कामं सांभाळून. मग प्रारूप यादी लागते आणि हरकती व सूचना मागवल्या जातात. अख्खी इमारत रस्त्यापलीकडच्या प्रभागात गेल्याची तक्रार दर वेळी कुठून तरी येते. उमेदवारांचे कार्यकर्ते आपल्या मतदारांची नावं शोधायला यादी चाळतात. हद्दीवरच्या गल्ल्या नकाशाशी ताडून पाहणारे थोडेच. न्यूपोर्ट न्यूजमध्ये ती ताडणी झाली असती तर ज्या नोंदीखाली ते २६ जण होते ती एका कर्मचाऱ्याला काही मिनिटांत सापडली असती. आपल्याकडे प्रारूप यादी उघडलीत की आधी आपलं नाव शोधा, आणि नंतर प्रभागाच्या सीमेवरच्या रस्त्याची दोन्ही बाजूंची घरं पाहा. चूक दिसली तर हरकत त्याच मुदतीत लेखी द्या आणि पोच घ्या. अंतिम यादी लागल्यावर मतदान केंद्रावरचा अधिकारी ती बदलू शकत नाही.